अवघड जागेचं दुखणं

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ज्याला पहिल्यांदा सुचली, त्याने माणसाची अडचण अचूक ओळखली होती. दुखणं खरं आहे, डॉक्टर घरचाच आहे, फीसुद्धा पडणार नाही. पण दाखवायचं कसं? म्हण ऐकून आपण हसतो. सोलापुरात एखाद्या मेडिकल दुकानासमोर संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहिलं, तर ती समोर घडताना दिसते. एक पोरगा बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून कडेला थांबतो. दुकान रिकामं झालं की खालच्या आवाजात म्हणतो, “जांघेत पुळ्या आल्यात, एखादी ट्यूब द्या.” पुळ्या नेमक्या कुठे, कशा, किती दिवसांच्या, हे कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. ट्यूब मिळते. दोन दिवस बरं वाटतं. महिन्याभराने तोच पोरगा दुसऱ्या दुकानासमोर उभा असतो.

बाया तर दुकानापर्यंतही जात नाहीत. दुपारी विड्या वळताना शेजारणीला सांगतात, आणि शेजारीण म्हणते, “उष्णता झाली असंल.”

‘उष्णता’ हे आपल्याकडे अशा तक्रारींना मिळणारं पहिलं नाव. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या गावात ते साहजिकही आहे. सब्जा भिजत घालतात, गुलकंद आणतात, ताक वाढवतात. घाम आणि घर्षण यांनी जांघेत पुरळ उठतं, हे खरंच. पण याच शब्दाचा सख्खा भाऊ म्हणजे ‘गरमी’. जुन्या मराठीत उपदंशाला, म्हणजे सिफिलिसला, गरमी म्हणत. उन्हाने आलेलं घामोळं आणि जंतूने झालेला उपदंश हे दोन्ही अशा रीतीने एकाच घरातले होऊन बसले. सब्जाने पोटाला गार वाटतं. उपदंशाच्या जंतूला त्याने काही होत नाही. म्हणून या जागी दिसणाऱ्या दाण्यांची, पुळ्यांची आणि गाठींची नीट विभागणी करून पाहायला हवी. निम्मी भीती त्यातच जाते.

कातडीचे स्वतःचे दाणे

गुप्तांगावरची कातडी गालासारखी गुळगुळीत नसते. तिथे केसांची मुळं आहेत, तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी आहेत, घड्या आहेत, आणि बारीक रक्तवाहिन्या अगदी वरच्या थरात आहेत. या साऱ्याचे उंचवटे दिसणारच. लहानपणी ते नसतात, वयात आल्यावर उठून दिसतात, आणि नेमकं तेव्हाच मन सगळ्यात घाबरं असतं.

पुरुषांमध्ये शिश्नाच्या टोकाला जिथे कडा असते, तिथे एक-दोन मिलिमीटरचे, मोत्याच्या रंगाचे दाणे ओळीने बसलेले दिसतात. कधी एक ओळ, कधी दोन. वैद्यकात त्यांचं नावच ‘मोत्यासारखे दाणे’ अशा अर्थाचं आहे. निरनिराळ्या पाहण्यांत शंभरातल्या १४ ते ४८ पुरुषांमध्ये ते सापडले आहेत. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत, एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. वय वाढतं तसे आपोआप बारीक होत जातात. त्यांना औषध नाही, कारण तो आजारच नाही. बायकांमध्येही योनीच्या तोंडाशी, आतल्या नाजूक कातडीवर, मऊ गुलाबी बारीक कोंब असू शकतात. दोन्ही बाजूंना ते सारखे दिसतात आणि प्रत्येकाचं बूड वेगळं असतं. चामखीळ असेल तर बहुधा एकाच बुडातून अनेक टोकं फुटलेली दिसतात. हा फरक सरावलेल्या नजरेला कळतो. आरशात वाकून पाहणाऱ्याला कळेलच असं नाही.

दुसरे दाणे तेलग्रंथींचे. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅडिसन फोर्डाइस यांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना फोर्डाइसचे ठिपके म्हणतात. फिकट पिवळसर, मोहरीहूनही लहान. केसाशिवाय असलेल्या या तेलग्रंथी शिश्नाच्या दांड्यावर आणि योनीच्या ओठांवर दिसतात. तोंडाचा वरचा ओठ ताणून आरशात पाहिलं तर अनेकांना तिथेही हेच ठिपके सापडतील, आणि ओठावरच्यांची आपण कधी काळजी केलेली नसते.

उतारवयाकडे झुकलेल्या पुरुषांच्या अंडकोषावर जांभळट काळे, टाचणीच्या डोक्याएवढे फुगवटे येतात. त्या फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. खरवडल्या तर रक्त येतं आणि माणूस हादरतो, पण त्या निरुपद्रवी असतात. अंडकोषाच्या कातडीतच वाटाण्याएवढ्या घट्ट, पिवळसर गाठीही काहींना वर्षानुवर्षं असतात. कातडीबरोबर सरकणाऱ्या या गाठी आणि आतल्या गोळीलाच आलेली कडक गाठ, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी लागली तर लगेच सर्जनला दाखवायची.

या निरुपद्रवी दाण्यांपैकी बरेच बिघडतात ते उपायांनी. नखाने पिळणं, चुना लावणं, घोड्याचा केस बांधणं, अगरबत्तीने डागणं असे चामखिळीचे गावठी उपाय हातावर निदान एक व्रण ठेवून जातात. या पातळ कातडीवर ते जखम करतात, जखमेत पू होतो आणि साध्या दाण्याचा खरंच आजार होतो.

घाम, ब्लेड आणि एकच टॉवेल

यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळीभर उभं राहणारा कामगार, दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी बाई, उन्हात रिक्षा चालवणारा माणूस, या साऱ्यांची जांघ तासन्‌तास ओली राहते. त्यावर घट्ट, घाम न शोषणारं कापड. अशा जागी केसाच्या मुळाशी जंतू शिरला की केसतोड होते: लाल, दुखरी पुळी, मधोमध केस, टोकाला पिवळा ठिपका. ब्लेडने किंवा रेझरने केस अगदी कातडीलगत कापले की कापलेला केस वाकून कातडीतच परत शिरतो आणि तिथेही पुळी येते. कोमट पाण्याने शेकणं, जागा कोरडी ठेवणं, सैल सुती कपडे आणि काही दिवस ब्लेडला सुट्टी, एवढ्याने बहुतेक पुळ्या बसतात. केस काढायचेच असतील तर कात्रीने बारीक करावेत.

पण करट वरचेवर येत असेल, एक बसलं की दुसरं उठत असेल, तर आधी रक्तातली साखर तपासावी. मधुमेह अनेकदा अशाच आडवाटेने पहिली वर्दी देतो. पुरुषांच्या शिश्नाच्या टोकाची कातडी वारंवार लाल होऊन चिरत असेल, मागे सरकेनाशी झाली असेल, तरीही साखर पाहायलाच हवी. काखेत आणि जांघेत वर्षानुवर्षं गळवं येऊन व्रणांचे दोर पडणं हा एक वेगळा, दीर्घ उपचार लागणारा आजार आहे. दर वेळी चीर देऊन पू काढल्याने तो आटोक्यात येत नाही. बायकांच्या योनीच्या तोंडाशी एका बाजूला अचानक लिंबाएवढी दुखरी सूज आली तर ती बहुधा तिथल्या ग्रंथीचं तोंड बंद झाल्याने असते. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं.

सोलापूरचे टेरी टॉवेल आणि चादरी साता समुद्रापार जातात. त्याच गावातल्या कितीतरी घरांत मात्र दोरीवरचा एक टॉवेल पाच जण वापरतात. खरूज, नायटा आणि मोलस्कम (त्याबद्दल पुढे) हे तिन्ही याच दोरीवरून फिरू शकतात. खरजेचा सूक्ष्म किडा कातडीत बीळ करतो. रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुरळ दिसतं, आणि पुरुषांच्या शिश्नावर व अंडकोषावर खाजणाऱ्या घट्ट गाठी उठतात. अनेक जण हीच गाठ ‘भलता आजार’ समजून महिनोन्‌महिने झुरतात. मलम गळ्यापासून तळव्यांपर्यंत, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं. एकट्याने लावलं तर खरूज घरात फिरून परत त्याच्याकडे येते.

ट्यूबची गोष्ट

आता त्या पोराच्या ट्यूबकडे वळू. मेडिकलमध्ये न सांगता हातात पडणाऱ्या बऱ्याच मलमांत तीन औषधं एकत्र असतात: बुरशी मारणारं, जंतू मारणारं आणि स्टेरॉइड. स्टेरॉइड लाली आणि खाज दोन दिवसांत दाबतं, म्हणून मलम गुणकारी वाटतं. पण ते कातडीची प्रतिकारशक्तीही दाबतं. नायटा आत मजेत पसरतो. मलम थांबवलं की दुप्पट उसळतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. जांघेची कातडी मुळात पातळ. औषध तिथे हातापायांपेक्षा जास्त मुरतं. काही महिन्यांत कातडी कागदासारखी होते आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे पट्टे मांडीवर पडतात. हे पट्टे परत जात नाहीत. अनेक जहाल स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे. नियम कागदावर आहे. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही घाईत असतात.

गोळीचंही असंच. जुलाबाची, अंगदुखीची किंवा लघवीच्या जळजळीची गोळी घेतली की काहींच्या शिश्नाच्या टोकावर जळजळणारा गोल चट्टा किंवा फोड येतो आणि मागे काळा डाग राहतो. पुढच्या वेळी तीच गोळी घेतली की बरोबर त्याच जागी पुन्हा. ही औषधाची अ‍ॅलर्जी असते. नवराबायकोत संशयाचं वादळ उठायला एवढा डाग पुरतो, म्हणून कुठली गोळी घेतली होती ते आठवून डॉक्टरांना सांगावं.

संसर्गाचे दाणे

काही दाणे मात्र शरीरसंबंधातून येतात. त्यांची चार रूपं ओळखीची असावीत.

पहिलं चामखीळ किंवा कोंब. खडबडीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं, एकाचे अनेक होत जाणारं. याचं कारण एचपीव्ही हा विषाणू. दहातल्या नऊ कोंबांमागे त्याचे ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार असतात. संसर्गानंतर कोंब उगवायला तीन आठवड्यांपासून कित्येक महिने लागू शकतात. म्हणून कोंब आज दिसला याचा अर्थ गेल्या आठवड्यात काही घडलं असा होत नाही. गोठवून, जाळून किंवा औषध लावून कोंब काढता येतात, पण ते काम डॉक्टरांचं. लहान मुलाच्या या जागी कोंब दिसला, तर घरात आरडाओरडा न करता बालरोगतज्ज्ञाला दाखवावा. त्यांची चौकशी नाजूक हाताने होते.

दुसरं मोलस्कम: गुळगुळीत, चकचकीत दाणा, मधोमध बेंबीसारखी खळी. मुलांना तो खेळताना आणि टॉवेलमधून होतो, मोठ्यांना बहुधा शरीरसंबंधातून. काही महिन्यांत तो आपला आपण जातो, पण खाजवला तर पसरतो.

तिसरं नागिणीच्या गोतावळ्यातलं, हर्पिस: बारीक पाणीदार फोडांचा घोस, आग आग, मग फुटून झालेल्या जखमा. तो बरा होतो आणि परत परत येऊ शकतो. औषध लवकर सुरू केलं तर त्रास पुष्कळ कमी होतो.

चौथं सगळ्यांत फसवं. उपदंशाची सुरुवात एका कडक, न दुखणाऱ्या व्रणाने होते. संबंधानंतर नऊ ते नव्वद दिवसांत तो उठतो, जांघेत अवधाण येतं, आणि तीन ते सहा आठवड्यांत व्रण औषधाशिवाय भरूनही येतो. माणूस म्हणतो, “गेलं एकदाचं!” जंतू मात्र रक्तात गेलेला असतो आणि तो पुढे हृदय, मेंदू, गरोदर बाईचं पोटातलं बाळ यांपर्यंत पोचू शकतो. वेळेवर कळलं तर पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं. जे दुखत नाही ते साधं, हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा ठरतो.

कधी आणि कुठे जायचं

दाणा वर्षानुवर्षं तसाच असेल, तर घाई नाही. सवडीने एकदा दाखवून मन मोकळं करावं. पण तो वाढत असेल, संख्येने पसरत असेल, रक्त येत असेल, रंग बदलत असेल, तर लांबवू नये. व्रण, मग तो दुखरा असो वा नसो, दिसताच दाखवावा. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेचा क्वचित तुकडा काढून तपासावा लागतो, कारण या कातडीलाही कर्करोग होतो. गरोदर बाईने आणि मधुमेह्याने तर वाटच पाहू नये. ताप, झपाट्याने वाढणारी सूज, असह्य वेदना, काळी पडत चाललेली कातडी हे दिसलं तर त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठावं.

सोलापुरात ‘सिव्हिल’ म्हटलं की कुठे जायचं ते रिक्षावाल्याला सांगावं लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आणि त्याला जोडलेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अशा रुग्णालयांत त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हा एकच विभाग असतो; डॉक्टरांची पदवीही तिन्हींची मिळून एकच. त्यामुळे बाकावर शेजारी बसलेल्याला केस गळण्याची तक्रार असेल, कुणाला कोड, कुणाला नायटा. त्या रांगेत बसल्याने तुम्हाला काय झालंय हे कुणालाच कळत नाही. शिवाय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे समुपदेशक बोलतात, तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी ‘मैत्री क्लिनिक’ आहे. आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक निःशुल्क आहे. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. २०१७ चा कायदाच तसा आहे.

जाताना तीन गोष्टी करा. आदल्या दिवशी तिथे काही लावू नका, आणि केसही काढू नका. खूण पुसली जाते. आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्या पिशवीत घालून न्या. आणि संबंधांबद्दल विचारलं तर खरं सांगा. डॉक्टर न्यायाधीश नसतो, त्याला निदानासाठी माहिती हवी असते. तपासणी बहुधा दोन-चार मिनिटांची असते. बाईने परिचारिका किंवा सोबतची बाई आत असावी असा आग्रह धरावा, तो तिचा हक्क आहे. संसर्ग निघाला तर जोडीदारालाही आणावं लागतं. एकाने औषध घेऊन भागत नाही.

भिंतींवर ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ लिहिणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. अशा आजारांवरच्या इलाजाच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे भिंत रंगवणारा आपला पहिला गुन्हा भिंतीवरच लिहून ठेवतो.

बार्शीने काय दाखवलं

हे सगळं बोलायचं कशाला, असं वाटेल. बोलण्याची किंमत या राज्यात मोजलेली आहे. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, दंड झाला, मासिक मात्र १९५३ पर्यंत चाललं.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव गेले. गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणजे काय, अंगावरून रक्त गेलं तर काय करायचं, हे ते बायकांशी बोलले. काही वर्षांत असं दिसलं, की बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. तेवढ्या काळात नवं औषध आलेलं नव्हतं. फक्त बोलणं वाढलं होतं.

त्याच हॉस्पिटलच्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या साथीने पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगाला सांगितलं, की आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे होतात. हा तोच विषाणू. कोंब आणणारे त्याचे प्रकार वेगळे, कर्करोग करणारे, मुख्यतः १६ आणि १८, वेगळे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर काम करते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना तिचे दोन डोस पुरतात. वयात येणारं मूल घरात असेल तर डॉक्टरांशी हा विषय काढावा.

मराठवाड्याच्या खेड्यांतल्या हजारो बायका, ज्यांच्यातल्या कितीजणींनी नवऱ्यापुढेही हा विषय काढला नसेल, तपासणीच्या टेबलापर्यंत आल्या. शिकल्या-सवरलेल्या शहरी माणसाने त्यांच्यामागे राहायचं कारण नाही. उद्या सकाळी केसपेपर काढा. आत गेल्यावर शब्द सुचले नाहीत तर “अवघड जागी झालंय” एवढंच म्हणा, पुढचं डॉक्टर विचारून घेतील. तो डॉक्टर पदवीचा असावा, एवढीच अट. मग तो जावई असला तरी हरकत नाही.